आत्याआजी ‘असायलम’मध्ये होती, हे लिहायचं कसं?

पत्राचा सारांश

पत्रलेखिका अडुसष्ट वर्षांच्या आहेत, पुण्यात राहतात. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यांच्या आजोबांना एक धाकटी बहीण होती, पण घरात तिचं नाव कुणी घेत नसे. मुलांनी विचारलंच तर ‘ती काशीला गेली, परत आली नाही’ एवढंच सांगितलं जाई. गेल्या वर्षी गावचं घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत एक इंग्रजी पत्र निघालं. साल १९१७. कागदावर छापलेलं होतं ‘लुनॅटिक असायलम, रत्नागिरी’. आजोबांच्या नावे आलेल्या त्या चार ओळींत कळवलं होतं की तुमच्या बहिणीची प्रकृती आता ठीक आहे, तरी तिला घरी नेण्याची व्यवस्था करावी. त्यानंतरचा एकही कागद घरात नाही.

लेखिकेच्या धाकट्या बहिणीची नात इंग्लंडमध्ये, लेस्टरला जन्मली आणि वाढली. ती घराण्याच्या माहितीची इंग्रजी पुस्तिका करते आहे. येत्या मे महिन्यात सगळे गावी जमतील तेव्हा ती वाटायची आहे. तिला पत्राचा फोटो पाठवला, तर तिने विचारलं, “आजी, ती कोणत्या देशातून पळून आली होती?” इकडे थोरल्या बंधूंचं म्हणणं असं की हे प्रकरण गाळून टाका, नाहीतर ‘सॅनिटोरियम’ लिहा. त्यांच्या नातीचं लग्न ठरत आहे आणि ‘घराण्यात वेड आहे’ असा बोभाटा त्यांना नको आहे. लेखिका विचारतात : इंग्रजीत कोणता शब्द योग्य? हे लिहावं की लिहू नये? आणि त्या मुलीला काय समजावू?

उत्तर

ताई,

तुमच्या नातीच्या प्रश्नावर घरात बहुतेक हसले असतील. मला मात्र तो प्रश्न फार आवडला, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तिच्या कानाला तो शब्द तसाच ऐकू येणार. आज इंग्लंडमधल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने बातम्यांत ‘असायलम’ ऐकला तर तो जवळजवळ नेहमी आश्रय या अर्थाने. छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेली माणसं, त्यांचे अर्ज, त्यांना ठेवलेली हॉटेलं, संसदेतली भांडणं. आपल्या पिढीने मात्र हा शब्द शाळेच्या शब्दकोशात ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणून पाठ केला. दोघींनी एकच अक्षरं वाचली आणि दोन वेगळ्या गोष्टी समजल्या.

या दोन अर्थांना वेगळं ओळखण्याची एक सोपी खूण इंग्रजी व्याकरणातच आहे. आश्रय या अर्थाने हा शब्द मोजता येत नाही. त्याच्याआधी ‘ॲन’ लागत नाही, त्याचं अनेकवचन होत नाही. माणूस ‘सीक’ करतो असायलम, ‘क्लेम’ करतो असायलम, आणि सरकार तो ‘ग्रँट’ करतं. संस्था या अर्थाने मात्र तो साधा मोजता येणारा शब्द आहे : ॲन असायलम, द असायलम, टू असायलम्स. तुम्ही नातीला बहुधा ‘शी वॉज इन असायलम’ असं लिहिलं असणार. मधला ‘ॲन’ राहिला, की इंग्रजी वाचणाऱ्याचं मन आपोआप निर्वासिताकडे वळतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या अनेकांचं हे ‘अ’ आणि ‘ॲन’ राहून जातं, आणि एरवी त्याने फार बिघडत नाही. इथे अर्थच बदलला.

हे दोन अर्थ एका शब्दात आले कसे, हे तुम्ही तिला नक्की सांगा, कारण तुमच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा तिथे आहे. मूळ शब्द ग्रीक. जिथून कुणाला ओढून नेता येत नाही, जिथे कुणी जप्ती आणू शकत नाही, असं ठिकाण. देवळात शिरलेल्या पळपुट्या गुलामाला किंवा गुन्हेगाराला तिथून खेचून नेणं म्हणजे देवाचा अपमान, अशी ती समजूत. एफेससच्या आर्टेमिस देवीचं देऊळ अशा अभयासाठी प्रसिद्ध होतं. लॅटिनमधून हा शब्द पंधराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ अभयाची जागा एवढाच होता. वेडाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

अठराव्या शतकात लंडनच्या दानशूर लोकांनी अनाथ, मूकबधिर, निराधार अशांसाठी घरं काढली आणि त्यांना हे मायेचं नाव दिलं. १७५८ मध्ये लॅम्बेथला अनाथ मुलींसाठी असायलम निघालं, १७९२ मध्ये बर्मंडसीला मूकबधिर मुलांसाठी. मनोरुग्णांसाठीच्या संस्थांनीही तेच नाव घेतलं, आणि हेतूही तोच होता : तुरुंगात किंवा रस्त्यावर पडलेल्या माणसाला छप्पर आणि अन्न मिळावं. पण हेतू आणि कारभार यांत अंतर पडत गेलं. यॉर्क शहरातलं असायलम १७७७ मध्ये उघडलं. तिथे १७९० मध्ये हॅना मिल्स नावाची, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची एक विधवा दाखल झाली आणि काही आठवड्यांतच वारली. तिला भेटायला गेलेल्या पंथाच्या लोकांना आत सोडलं गेलं नव्हतं. त्या धक्क्याने विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये यॉर्कमध्येच दुसरी, माणुसकीची संस्था काढली आणि तिचं नाव जाणूनबुजून ‘द रिट्रीट’ ठेवलं. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच, निदान त्या शहरात, चांगल्या माणसांना ‘असायलम’ हे नाव आपल्या दारावर नको झालं होतं. पुढे १८०८ आणि १८४५ च्या कायद्यांनी इंग्लंडभर जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी असायलमं उभी राहिली, ती वाढत वाढत हजार-दोन हजार माणसांची झाली, आणि शब्दाला भिंती आल्या.

आपल्याकडे तो कंपनी सरकारबरोबर आला. मुंबईला कुलाब्यात जुनं असायलम होतं, रत्नागिरीचं १८८६ मधलं, ठाण्याच्या नौपाड्याचं १९०१ च्या सुमाराचं, येरवड्याचं त्यानंतरचं. तुमच्या पुण्यातल्या ज्या संस्थेला सगळे ‘निवारा’ म्हणून ओळखतात, ती नवी पेठेतली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून झालेली अनाथ-पंगूंची संस्था, तिच्याही जुन्या इंग्रजी नावात ‘असायलम’ होता. वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय १८९० मध्ये निघालं तेही बेघर कुष्ठरुग्णांचं असायलम म्हणून. तेव्हा १९१७ साली रत्नागिरीच्या त्या छापील कागदावर जो शब्द आहे ती शिवी नव्हती, सरकारी खात्याच्या पाटीवरचं नाव होतं. १९२० च्या दशकात आपल्याकडच्या पाट्या बदलून ‘मेंटल हॉस्पिटल’ झाल्या, आणि इंग्लंडने १९३० च्या कायद्याने ‘असायलम’ आणि ‘लुनॅटिक’ हे शब्द सरकारी व्यवहारातून बाद केले. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवायला झालाय’ ही आपली बोलण्यातली टवाळी मात्र पाटी बदलल्यावरही तशीच राहिली, आणि तुमच्या बंधूंना भीती वाटते ती त्या टवाळीची.

आता तुमच्या पत्रात मला जे गृहीत धरलेलं दिसलं त्याबद्दल बोलते. तुम्ही लिहिता, “आत्याआजी वेडी होती हे तर आता सिद्धच झालं.” ताई, त्या चार ओळींनी हे सिद्ध होत नाही. १९१२ च्या इंडियन लुनसी ॲक्टप्रमाणे माणसाला आत ठेवायचं तर जवळच्या नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग ‘रिसेप्शन ऑर्डर’, म्हणजे दाखल करून घेण्याचा हुकूम, निघायची. हा एक रस्ता. दुसरा पोलिसांचा : भटकताना सापडलेल्या माणसाला ते मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत. त्या काळात फिट्स येणाऱ्या माणसांनाही असायलममध्ये ठेवत. बाळंतपणानंतर ज्यांचं मन फिरलं अशा बायका तिथे जात, मेंदूपर्यंत पोचलेला उपदंश झालेले रुग्ण जात. यांतल्या कित्येकांवर आज साधी औषधं आहेत. तेव्हा नव्हती. मनाच्या तीव्र आजारावर पहिलं गुणकारी औषध आलं १९५० च्या दशकात.

आणि आजाराचं कारण म्हणून सरकारी रकान्यात जे भरलं जाई त्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी सरकारने मोठा आयोग नेमला होता. त्याने असायलमांची दप्तरं तपासली तेव्हा असं निघालं की रुग्णांपुढे कारण म्हणून जे ‘गांजा’ लिहिलं होतं, ते अनेकदा पोलिसांच्या कागदावरून कसलीही शहानिशा न करता उतरवलेलं होतं. उद्या तुम्हाला आत्याआजीची नोंद सापडली आणि तिच्यापुढे एखादा भयंकर शब्द दिसला, तर हे लक्षात असू द्या. ती नोंद लिहिणाऱ्याने तिला किती ओळखलं होतं, हे आपल्याला ठाऊक नाही.

बंधूंच्या म्हणण्याकडे वळते. त्यांची काळजी खोटी नाही. लग्नाच्या बाजारात अशी कुजबूज कशी चालते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यांना नातीचं वाईट व्हायला नको आहे. पण नातं मोजून पाहा. आत्याआजी म्हणजे त्यांच्या नातीच्या खापरपणजोबांची बहीण. तिला नेमका काय आजार होता हेच माहीत नाही. झाला असला तरी तो १९१७ मध्ये बरा झाला असं सरकारी कागद सांगतो. एवढ्या लांबच्या नात्यातून आजच्या मुलीच्या प्रकृतीबद्दल काहीही अनुमान निघत नाही, आणि हे कोणताही मानसोपचारतज्ज्ञ त्यांना दहा मिनिटांत सांगेल. बंधूंना एकदा अशा डॉक्टरांकडे घेऊनच जा, ही माझी मनापासून विनंती आहे. घरातल्या बायकांनी समजावलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत अशा घरांत किती फरक पडतो ते मी वेगळं सांगायला नको.

‘सॅनिटोरियम’ मात्र अजिबात लिहू नका. एक तर तो शब्द क्षयाचा आहे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं सॅनिटोरियम, पाचगणीचं, ही क्षयरोग्यांची ठिकाणं होती. म्हणजे एक आजार लपवायला तुम्ही दुसरा चिकटवणार, आणि त्या काळी क्षयही काही उजळ माथ्याने सांगण्याचा आजार नव्हता. शिवाय देवळाली-लोणावळ्याकडे सॅनिटोरियम म्हणजे हवापालटाला गेलेल्या मंडळींची उतरायची जागा. इंग्लंडमधली मुलगी एक समजेल, मुंबईची मावशी दुसरंच समजेल. आणि उद्या कुणी ते मूळ पत्र पाहिलं तर पुस्तिकेतल्या बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडेल. गाळणं ही एक गोष्ट आहे, खोटं लिहिणं ही दुसरी. गाळण्याचा हक्क कुटुंबाला आहे असं मी मानते, खोटं लिहिण्याचा नाही.

मग गाळावं का? इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण तुम्ही पत्रभर ‘असायलम’ या शब्दाबद्दल लिहिलंत आणि त्या कागदावरच्या पुढच्या ओळीबद्दल एका वाक्यापलीकडे काही लिहिलं नाहीत. संस्था कळवते आहे : बाई बऱ्या आहेत, घरी न्या. नेलं का? तुम्हाला ठाऊक नाही. घरातली ‘काशी’ची गोष्ट ऐकून मनात जे उत्तर येतं ते तुमच्याही मनात आलं असणार. मला वाटतं, तुमच्या घराला शंभर वर्षं जे बोलवत नाही ते हेच आहे. वेडाचा शब्द त्याच्यावर झाकण म्हणून आला आहे.

पण मनात आलेलं उत्तर लिहून टाकू नका. आजोबांनाही घाईने दोषी धरू नका. त्या कायद्यात रुग्णाला नातेवाइकाच्या हमीवर त्याच्या ताब्यात देण्याची सोय होती, तेव्हा ते पत्र नेहमीच्या कामाचा भाग असू शकतं. पण पत्र नवऱ्याला न येता भावाला का आलं? ती विधवा होऊन माहेरी परतली होती का? अर्ज भावाने केला होता का? तुमचं गाव रत्नागिरीपासून किती लांब, तेव्हा पावसाळ्यात तरीची वाट बंद असायची का, घरात मोठं कोण होतं? १९१८ च्या पावसाळ्याच्या शेवटी इन्फ्लुएंझाची जी साथ आली तिने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केली. १९१७ नंतर एखादी व्यक्ती कागदांतून नाहीशी होण्याची कारणं एकाहून जास्त असू शकतात. तिला आणलंही असेल, आणि ती घरी आल्यावर गेली असेल. पुस्तिकेत जेवढं कागदावर आहे तेवढंच जावं.

तुम्ही मला स्पष्ट मत विचारलंत, म्हणून देते : लिहा. तिचं नाव लिहा, संस्थेचं नाव लिहा, आणि ‘बरी आहे, घरी न्यावं’ ही ओळ तर नक्कीच लिहा. गाळलं तर तुमच्या पिढीनंतर तिला ओळखणारं कुणी उरणार नाही, आणि ज्या मुलीने एवढ्या आस्थेने ‘ती कोण होती’ हे विचारलं तिला आपण ‘काशी’चीच गोष्ट पुन्हा सांगितल्यासारखं होईल.

शब्दांचं सांगते. इंग्रजी मजकुरात ‘लुनॅटिक असायलम, रत्नागिरी’ हे संस्थेचं नाव म्हणून, पहिली अक्षरं मोठी ठेवून, अवतरणचिन्हांत द्या आणि लगेच पुढे म्हणा की संस्थेचं तेव्हाचं अधिकृत नाव हे होतं, आज तेच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव बदलून आजचं घालू नका. १९१७ मध्ये ते नाव नव्हतं, आणि शोध घेणाऱ्याला जुन्या नावानेच कागद सापडतात. पण हा शब्द नावापुरताच ठेवा. त्यापुढच्या तुमच्या स्वतःच्या वाक्यांत ‘हॉस्पिटल’ म्हणा. तिला ‘पेशंट’ म्हणा. ‘लुनॅटिक’ नको, ‘इनमेट’ नको, कारण आजच्या इंग्रजीत ‘इनमेट’ म्हटलं की कैदीच डोळ्यांपुढे येतो. ‘वॉज लॉक्ड अप’ असंही नको, ते आपल्याला माहीत नाही. ‘वॉज अ पेशंट देअर इन १९१७’ एवढंच खरं आहे. त्या सालाच्या आधी किती आणि नंतर किती, हे कागद सांगत नाही.

मराठी प्रत काढणार असाल तर ‘वेड्यांचे इस्पितळ’ हे त्या काळचं मराठी नाव एकदा सांगून पुढे ‘मनोरुग्णालय’ वापरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिलं नाव चटकन कळेल आणि नातवंडांच्या तोंडी दुसरं बसेल.

हे पत्र छापायला निवडलं याचं कारण असे प्रश्न बऱ्याच घरांत आहेत. जुने इंग्रजी दस्तऐवज मराठीत आणणाऱ्यांनी तारीख पाहून अर्थ ठरवावा. एकोणिसाव्या शतकातल्या कागदात ‘असायलम’ दिसला म्हणून ‘वेड्यांचे इस्पितळ’ लिहिण्याआधी मागचा शब्द वाचावा. अनाथांचं, अंधांचं, कुष्ठरुग्णांचंही असायलम असे. उलट, आजच्या बातमीचं भाषांतर करताना ‘असायलम सीकर’ला सरसकट ‘निर्वासित’ म्हणू नये. ज्याचा अर्ज अजून ठरायचा आहे तो आश्रयार्थी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती आहे, हे १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ज्याच्याबाबत मान्य झालं तो निर्वासित. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, तरी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमात आश्रय मागण्याचा हक्क आहे. आपल्या इतिहासातलं उदाहरण हवं असेल तर १९१० मधलं मार्सेलिस आठवा. सावरकरांनी बोटीतून उडी टाकून फ्रान्सचा किनारा गाठला आणि त्यांना पकडून पुन्हा बोटीवर नेलं, तेव्हा फ्रान्समधल्या समाजवाद्यांनी जो गदारोळ केला तो याच आश्रयाच्या हक्कासाठी. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला.

परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठीही एक वाक्य. एखादा एजंट ‘असायलम व्हिसा’ काढून देतो म्हणाला तर सावध व्हा. असायलम हा व्हिसाचा प्रकार नाही. ज्याचा छळ झालेला नाही त्याने खोटी कहाणी रचून अर्ज केला तर अमेरिकेसारख्या देशात पुढचे सगळे रस्ते कायमचे बंद होऊ शकतात. त्या देशातल्या परवानाधारक वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नये.

आणि ज्यांचं माणूस आज एखाद्या मनोरुग्णालयात आहे त्यांना सांगते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचं एकोणिसावं कलम म्हणतं की केवळ घर नाही, कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, या कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. तुमच्या आत्याआजीच्या कागदावरची ‘घरी न्या’ ही ओळ आजही आपल्या राज्यातल्या ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चारही सरकारी रुग्णालयांतून घरोघरी जाते. ज्यांना ती आली आहे त्यांनी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावं. घरी आणणं लगेच जमत नसेल तर तेही त्यांना मोकळेपणाने सांगावं, म्हणजे मधला काही मार्ग शोधता येतो. उत्तरच न पाठवणं, पत्ता बदलणं, फोन न उचलणं, हे फार जणांकडून होतं आणि त्याची किंमत आतलं माणूस मोजतं.

ताई, आता तुमच्या शोधाचं. रत्नागिरीच्या रुग्णालयात अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करा. नातं सांगा, १९१७ च्या पत्राची झेरॉक्स जोडा, आणि जुनी भरती-रजिस्टरं शिल्लक आहेत का एवढंच विचारा. रुग्णाची माहिती गोपनीय असते, शंभर वर्षांपूर्वीचा कागद टिकलेला असेलच असंही नाही, तेव्हा नकार आला तर मन खट्टू करू नका. अर्ज आणि ‘रिसेप्शन ऑर्डर’ मॅजिस्ट्रेटकडून निघत असल्याने तोच प्रश्न जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातही विचारता येईल. घरात पंच्याऐंशीच्या पुढच्या कुणी आत्या, काकू, चुलत नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे सगळ्यांत आधी जा. ‘ती वेडी होती का’ असं विचारू नका. तिचं माहेरचं नाव काय, लग्न कुठे झालं होतं, मूल होतं का, स्वयंपाक काय करायची, असं विचारा. लोक त्या प्रश्नांना उत्तरं देतात.

बंधूंना पुस्तिकेचं ते पान छापण्याआधी वाचायला द्या. लग्न ठरेपर्यंत थांबा असा त्यांचा आग्रह असेल तर मे महिना पुढे ढकलायला मी हरकत घेणार नाही. मजकूर बदलायला मात्र हरकत घेईन.

आणि नातीला लेस्टरमध्ये बसून करण्यासारखं काम आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश अमदानीतल्या भारताचे आरोग्यविषयक सरकारी अहवाल इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत, त्यांत मुंबई इलाख्याच्या असायलमांचे त्या काळचे अहवालही आहेत. रुग्णांची नावं त्यांत सहसा मिळत नाहीत. पण रत्नागिरीला तेव्हा किती बायका होत्या, किती बऱ्या होऊन घरी गेल्या, किती वारल्या, याचे तक्ते आहेत. तिला म्हणावं, शोधताना ‘लुनॅटिक असायलम’ हेच शब्द टाक.